सॉफ्टवेअर चाचणी पद्धतींची दोषशोधन क्षमता

सॉफ्टवेअर चाचणी पद्धतींची दोषशोधन क्षमता म्हणजे ठरावीक वेळ, श्रम आणि साधने वापरून एखादी चाचणी पद्धत आज्ञावलीतील किती आणि कोणत्या प्रकारचे दोष उघड करू शकते याचे मोजमाप होय. कोड वाचन, कार्यात्मक चाचणी, संरचनात्मक चाचणी, यादृच्छिक चाचणी, उत्परिवर्तन चाचणी अशा पद्धतींची परस्परांशी तुलना हा सॉफ्टवेअर अभियांत्रिकीतील प्रायोगिक संशोधनाचा एक जुना विषय आहे. या विषयावरील नियंत्रित प्रयोग १९७० च्या दशकात सुरू झाले. कोणतीही एक पद्धत सर्व आज्ञावलींसाठी आणि सर्व प्रकारच्या दोषांसाठी श्रेष्ठ ठरत नाही, हा या प्रयोगांतून वारंवार आलेला निष्कर्ष आहे.

महत्त्व

अगदी साध्या आज्ञावलीलाही देता येणाऱ्या आदानांची संख्या प्रचंड असते. ३२ बिटांच्या दोन पूर्णांकांची बेरीज करणाऱ्या आज्ञावलीची सर्व आदाने तपासायची झाल्यास २ चा ६४ वा घात इतक्या, म्हणजे सुमारे १८ अब्ज अब्ज चाचण्या कराव्या लागतील. त्यामुळे प्रत्यक्षात या अवाढव्य संचातून मोजकीच आदाने निवडली जातात. ही निवड कशी करावी हे चाचणी पद्धत ठरवते. चाचणीमुळे दोषांचे अस्तित्व दाखवता येते, त्यांचा अभाव सिद्ध करता येत नाही, असे डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी सुमारे १९७० मध्ये मांडले. या मर्यादेमुळेच उपलब्ध पद्धतींपैकी कोणती पद्धत अधिक दोष दाखवते, हा प्रश्न व्यवहारात महत्त्वाचा ठरतो.

निवड चुकल्यास काय होते याचे ठळक उदाहरण म्हणजे ४ जून १९९६ रोजी झालेले एरियान ५ या युरोपीय प्रक्षेपकाचे पहिले उड्डाण. उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांतच हा प्रक्षेपक नष्ट झाला. त्याच्या दिशादर्शन यंत्रणेतील सॉफ्टवेअर आधीच्या एरियान ४ वरून घेतलेले होते. त्यात ६४ बिटांच्या दशांश संख्येचे १६ बिटांच्या पूर्णांकात रूपांतर केले जाई. एरियान ५ चा क्षैतिज वेग अधिक असल्याने ही संख्या १६ बिटांत मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. हे सॉफ्टवेअर एरियान ४ मध्ये व्यवस्थित चालले होते, परंतु एरियान ५ च्या उड्डाणमार्गाची माहिती देऊन त्याची चाचणी झालेली नव्हती.

चूक, दोष आणि बिघाड

दोषशोधनाच्या अभ्यासात तीन संज्ञांमध्ये फरक केला जातो. आज्ञावली लिहिणाऱ्या व्यक्तीच्या हातून होते ती चूक. त्या चुकीमुळे कोडमध्ये राहून जातो तो दोष. दोष असलेला भाग चालवला गेल्यावर बाहेर दिसणारे अपेक्षेविरुद्ध वर्तन म्हणजे बिघाड.

दोषातून बिघाड दिसण्यासाठी तीन गोष्टी घडाव्या लागतात. दोष असलेले विधान कार्यान्वित व्हावे लागते, त्यामुळे आज्ञावलीची अंतर्गत स्थिती बिघडावी लागते आणि ती बिघडलेली स्थिती प्रदानापर्यंत पोहोचावी लागते. यांपैकी एक जरी दुवा तुटला तरी दोष लपून राहतो. चाचणी करून दोष शोधताना ही संपूर्ण साखळी पार करावी लागते. कोड वाचताना मात्र वाचकाचे लक्ष थेट दोषाकडे जाऊ शकते. चाचणी आणि वाचन यांतील मूलभूत फरक हाच आहे.

तुलनेतील प्रमुख पद्धती

कोड वाचन व तपासणी: आज्ञावली न चालवता तिचा मजकूर बारकाईने वाचला जातो. मायकेल फेगन यांनी आयबीएममध्ये विकसित केलेली गटाने करावयाची औपचारिक तपासणी पद्धत १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली. कोडच्या लहान लहान भागांचा अर्थ लिहीत जाऊन शेवटी तो मूळ विनिर्देशाशी ताडून पाहणे, ही वाचनाची आणखी एक रीत आहे.

कार्यात्मक चाचणी: आज्ञावलीचे अंतरंग न पाहता केवळ विनिर्देशावरून चाचण्या ठरवल्या जातात. आदानांचे समान वर्तनाच्या वर्गांत विभाजन करणे आणि वर्गांच्या सीमेवरील मूल्ये तपासणे ही तिची दोन प्रमुख तंत्रे होत.

संरचनात्मक चाचणी: कोडचा किती भाग चाचण्यांमध्ये कार्यान्वित झाला यावर ही पद्धत आधारलेली आहे. या प्रमाणाला व्याप्ती किंवा कव्हरेज म्हणतात. प्रत्येक विधान एकदा तरी चालवणे ही विधान व्याप्ती, तर प्रत्येक निर्णयाच्या दोन्ही शाखा चालवणे ही शाखा व्याप्ती होय. चलाला मूल्य दिले जाते तेथपासून ते वापरले जाते तेथपर्यंतचे मार्ग तपासणे याला विदा प्रवाह चाचणी म्हणतात.

यादृच्छिक चाचणी: आदाने यादृच्छिकपणे निवडली जातात. फझ चाचणी हा तिचाच विस्तार आहे.

उत्परिवर्तन चाचणी: मूळ आज्ञावलीत छोटे बदल करून अनेक सदोष प्रती तयार केल्या जातात आणि चाचणी संच त्यांपैकी किती प्रती ओळखतो हे पाहिले जाते.

एका छोट्या दोषाचे उदाहरण

वय ६० वर्षे किंवा त्याहून अधिक असलेल्या प्रवाशाला भाड्यात सवलत द्यावी, असा नियम असलेली आज्ञावली कल्पिली आणि तिच्या कोडमध्ये ‘६० किंवा अधिक’ या अटीऐवजी ‘६० पेक्षा अधिक’ अशी अट लिहिली गेली आहे असे मानले, तर निरनिराळ्या पद्धती पुढीलप्रमाणे वागतात.

वय ३५ आणि वय ७२ अशा दोन चाचण्या घेतल्यास प्रत्येक विधान व प्रत्येक शाखा कार्यान्वित होते. दोन्ही व्याप्ती १०० टक्के भरतात, दोन्ही उत्तरेही बरोबर येतात आणि दोष तसाच राहतो. सममूल्य वर्गांतून प्रत्येकी एक मूल्य घेणाऱ्याच्याही हाती हेच लागते. सीमामूल्य तपासणारी व्यक्ती मात्र ६० हे वय घेते आणि पहिल्याच फेरीत दोष सापडतो.

० ते ९९ या वयांतून यादृच्छिक निवड केल्यास एका चाचणीत ६० हे वय येण्याची शक्यता १ टक्का असते. १०० चाचण्यांत दोष सापडण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के, तर ३०० चाचण्यांत सुमारे ९५ टक्के होते. चाचण्या यंत्राने आपोआप होत असतील आणि योग्य उत्तर काय हेही यंत्राला ठाऊक असेल, तर ३०० चाचण्या ही मोठी संख्या नव्हे. प्रत्येक उत्तर माणसाने तपासायचे असेल, तर हीच पद्धत महाग ठरते.

उत्परिवर्तन चाचणीत या सदोष आज्ञावलीतील ‘पेक्षा अधिक’ बदलून ‘किंवा अधिक’ केले जाते. वय ३५ आणि ७२ या चाचण्यांना या दोन प्रतींतला फरक कळत नाही. फरक दाखवण्यासाठी वय ६० ची चाचणी लिहावीच लागते आणि ती लिहिताच मूळ दोष उघड होतो.

याच आज्ञावलीत ऋण वय नाकारण्याची तपासणी लिहायचीच राहून गेली असेल, तर व्याप्तीच्या कोणत्याही निकषाने तिची उणीव लक्षात येईलच असे नाही. जो कोड लिहिलेलाच नाही त्याची व्याप्ती मोजता येत नाही. अशा वगळणुकीच्या दोषांसाठी विनिर्देशावर आधारित चाचणी किंवा जाणकाराचे वाचन उपयोगी पडते. एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झालेला ओपनएसएसएल या संगणकीय सुरक्षा प्रणालीतील ‘हार्टब्लीड’ दोष याच जातीचा होता. समोरून आलेल्या संदेशात सांगितलेली लांबी प्रत्यक्ष मजकुराच्या लांबीशी जुळते की नाही, याची तपासणी त्यात राहून गेली होती.

प्रारंभीचे नियंत्रित प्रयोग

विल्यम हेट्झेल यांनी १९७६ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील आपल्या प्रबंधात वाचन, विनिर्देशावरून चाचणी आणि विनिर्देश व कोड या दोहोंवरून चाचणी यांची तुलना केली. या प्रयोगात वाचन इतर दोन पद्धतींपेक्षा मागे पडले.

ग्लेनफर्ड मायर्स यांनी १९७८ मध्ये ५९ अनुभवी व्यावसायिकांवर प्रयोग केला. त्यासाठी मजकुराच्या ओळी जुळवणारी एक लहान आज्ञावली वापरली होती. हिचे मूळ रूप पीटर नाउर यांनी १९६९ मध्ये तिच्या अचूकतेच्या अनौपचारिक सिद्धतेसह प्रसिद्ध केले होते आणि नंतर इतर अभ्यासकांना तिच्यात अनेक दोष आढळले होते. मायर्स यांच्या आज्ञावलीत १५ ज्ञात दोष होते. सहभागी व्यक्तींना सरासरीने त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश दोष सापडले. केवळ विनिर्देशावरून केलेली चाचणी, विनिर्देश व कोड पाहून केलेली चाचणी आणि तिघांच्या गटाने केलेली तपासणी यांत सापडलेल्या दोषांच्या संख्येत लक्षणीय फरक आढळला नाही. गटतपासणीला मात्र अधिक मनुष्यतास लागले. पद्धतीपद्धतींत फरक थोडा होता, परंतु व्यक्तीव्यक्तींत तो फार मोठा होता. स्वतंत्रपणे काम केलेल्या दोन व्यक्तींचे निकाल एकत्र केल्यास सापडलेल्या दोषांची संख्या वाढते, हेही या प्रयोगात दिसले.

बॅसिली आणि सेल्बी यांचा प्रयोग

व्हिक्टर बॅसिली आणि रिचर्ड सेल्बी यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या क्षेत्रात आधारभूत मानला जातो. त्यात ३२ व्यावसायिक आणि ४२ प्रगत विद्यार्थी असे ७४ जण सहभागी होते. टप्प्याटप्प्याने अर्थ लावत केलेले कोड वाचन, सममूल्य वर्ग व सीमामूल्ये यांवर आधारित कार्यात्मक चाचणी आणि १०० टक्के विधान व्याप्तीची संरचनात्मक चाचणी अशा तीन पद्धतींची चार आज्ञावलींवर तुलना करण्यात आली. प्रत्येक व्यक्तीने तिन्ही पद्धती निरनिराळ्या आज्ञावलींवर वापरल्यामुळे व्यक्तीच्या कौशल्याचा परिणाम पद्धतीच्या परिणामापासून वेगळा काढता आला.

व्यावसायिकांच्या गटात कोड वाचनाने सर्वाधिक दोष सापडले आणि दर तासाला सापडणाऱ्या दोषांचे प्रमाणही वाचनातच अधिक होते. कार्यात्मक चाचणीत संरचनात्मक चाचणीपेक्षा अधिक दोष सापडले. विद्यार्थ्यांच्या एका गटात तिन्ही पद्धतींमध्ये फरक आढळला नाही, तर दुसऱ्या गटात वाचन व कार्यात्मक चाचणी या दोन्ही संरचनात्मक चाचणीपेक्षा सरस ठरल्या. निकाल आज्ञावलीच्या प्रकारानुसारही बदलले. विभागांच्या परस्परसंबंधातील दोष वाचनाने अधिक सापडले, तर नियंत्रण प्रवाहातील दोष कार्यात्मक चाचणीने अधिक सापडले. आपल्याला एकूण दोषांपैकी किती सापडले असावेत, असे सहभागी व्यक्तींना विचारले असता वाचन करणाऱ्यांचा अंदाज वस्तुस्थितीच्या सर्वांत जवळ होता आणि कार्यात्मक चाचणी करणाऱ्यांचा सर्वांत दूर. चाचणी केव्हा थांबवावी हा निर्णय अशाच अंदाजांवर अवलंबून असल्याने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे.

या प्रयोगाची पुढे अनेकदा पुनरावृत्ती झाली. एरिक काम्स्टीज आणि क्रिस्टोफर लॉट यांच्या १९९५ मधील प्रयोगात सी भाषेतील आज्ञावली वापरल्या गेल्या. त्यात तिन्ही पद्धतींच्या परिणामकारकतेत लक्षणीय फरक आढळला नाही, मात्र वेळेच्या दृष्टीने कार्यात्मक चाचणी किफायतशीर ठरली. मरे वुड आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात पद्धतींची सापेक्ष परिणामकारकता आज्ञावलीवर आणि दोषांच्या स्वरूपावर अवलंबून असल्याचे व पद्धती एकत्र वापरल्यास परिणाम सुधारत असल्याचे आढळले.

व्याप्ती निकषांची तुलना

शाखा व्याप्ती पूर्ण झाल्यास विधान व्याप्ती आपोआप पूर्ण होते, म्हणून शाखा व्याप्ती हा अधिक कडक निकष आहे. तथापि, निकष अधिक कडक आहे एवढ्यावरून तो पूर्ण करणारा प्रत्येक चाचणी संच अधिक दोष शोधेल असे म्हणता येत नाही. एकच निकष पूर्ण करणारे असंख्य संच असू शकतात आणि त्यांतील काही संच दोषाला स्पर्शही करत नाहीत.

फिलिस फ्रँकल आणि स्टुअर्ट वाइस यांनी १९९३ मध्ये शाखा चाचणी आणि विदा प्रवाह चाचणी यांची ९ आज्ञावलींवर तुलना केली. त्यांपैकी ५ आज्ञावलींत विदा प्रवाह चाचणी लक्षणीयरीत्या अधिक परिणामकारक ठरली, उरलेल्यांत ठरली नाही. सीमेन्स कंपनीच्या संशोधकांनी १९९४ मध्ये सी भाषेतील ७ आज्ञावलींच्या १३० सदोष आवृत्त्यांवर असाच अभ्यास केला. ९० टक्क्यांहून अधिक व्याप्ती असलेले संच साधारणपणे तेवढ्याच आकाराच्या यादृच्छिक संचांपेक्षा चांगले ठरले. परंतु १०० टक्के व्याप्ती हा परिणामकारकतेचा विश्वसनीय पुरावा नाही, असाही निष्कर्ष त्यांनी काढला. या आज्ञावली पुढे ‘सीमेन्स संच’ म्हणून अनेक अभ्यासांत वापरल्या गेल्या.

लॉरा इनोझेमत्सेवा आणि रीड होम्स यांनी २०१४ मध्ये जावा भाषेतील ५ मोठ्या प्रणालींसाठी ३१,००० चाचणी संच तयार केले. संचातील चाचण्यांची संख्या स्थिर ठेवली असता व्याप्ती आणि परिणामकारकता यांच्यातील सहसंबंध कमी ते मध्यम असल्याचे त्यांना आढळले. मोठ्या संचात व्याप्तीही वाढते आणि दोषही अधिक सापडतात, त्यामुळे वरवर पाहता हा संबंध असतो त्याहून अधिक घट्ट भासतो. कोडचा कोणता भाग तपासलाच गेलेला नाही हे व्याप्तीवरून निश्चित कळते, परंतु जो भाग तपासला गेला तो नीट तपासला गेला की नाही हे कळत नाही.

यादृच्छिक चाचणीचे स्थान

यादृच्छिक चाचणी हा सर्वांत निकृष्ट मार्ग असल्याचा समज दीर्घकाळ होता. जो डुरान आणि सिमिऑन न्टाफोस यांनी १९८४ मध्ये या समजाला आव्हान दिले आणि खर्च लक्षात घेता ती अनेकदा उपयुक्त ठरते असे दाखवले. एलेन वेयुकर आणि बिंगचियांग जेंग यांनी १९९१ मध्ये गणिती विश्लेषणाने दाखवले की आदानांचे वर्गांत विभाजन करून केलेली चाचणी यादृच्छिक चाचणीपेक्षा सरस, समान किंवा निकृष्ट अशी कशीही असू शकते. बिघाड घडवणारी आदाने एखाद्या लहान वर्गात एकवटलेली असतील तर विभाजनाचा लाभ होतो, ती सर्वत्र विखुरलेली असतील तर फारसा होत नाही.

बार्टन मिलर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९० मध्ये युनिक्स प्रणालीतील उपयोजनांना यादृच्छिक अक्षरमालिका दिल्या. तपासलेल्या प्रत्येक युनिक्स आवृत्तीत २५ ते ३३ टक्के उपयोजने कोलमडली. येथूनच ‘फझ’ ही संज्ञा रूढ झाली. आज्ञावली कोलमडली हे ओळखण्यासाठी योग्य उत्तर आधी ठाऊक असण्याची गरज नसते, हे या पद्धतीचे बळ आहे. उत्तर शांतपणे चुकत असेल तर ते तिला कळत नाही, ही तिची मर्यादा आहे.

मोजमापाचे साधन म्हणून उत्परिवर्तन

रिचर्ड डीमिलो, रिचर्ड लिप्टन आणि फ्रेडरिक सेवर्ड यांनी १९७८ मध्ये मांडलेली उत्परिवर्तनाची कल्पना दोन गृहीतकांवर उभी आहे. कुशल व्यक्तीने लिहिलेली आज्ञावली अचूक आज्ञावलीच्या अगदी जवळ असते, हे पहिले. साधे दोष ओळखणाऱ्या चाचण्या बहुतांश गुंतागुंतीचे दोषही ओळखतात, हे दुसरे. पद्धतींची तुलना करायला पुरेसे खरे दोष सहसा हाताशी नसल्याने संशोधक अशा कृत्रिम दोषांचा आधार घेतात.

कृत्रिम दोष खऱ्या दोषांची जागा कितपत घेऊ शकतात, याचा स्वतंत्र अभ्यास झाला आहे. जेम्स अँड्र्यूज, लियोनेल ब्रियाँ आणि इव्हान लाबिश यांच्या २००५ मधील अभ्यासात यांत्रिकपणे निर्माण केलेले दोष खऱ्या दोषांसारखेच वागले, तर हाताने पेरलेले दोष शोधायला अधिक कठीण निघाले. रेने जस्ट आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जावा भाषेतील ५ मुक्तस्रोत प्रणालींतील ३५७ खरे दोष तपासले. त्यांपैकी ७३ टक्के दोषांचा उत्परिवर्तनांशी मेळ बसला. उरलेल्या दोषांच्या बाबतीत उत्परिवर्तनावरून काढलेले अनुमान फसवे ठरू शकते.

तुलनेतील अडचणी

प्रयोगांचे निष्कर्ष परस्परांशी पूर्णपणे न जुळण्यामागे अनेक कारणे आहेत. विद्यार्थी आणि अनुभवी व्यावसायिक यांची कामगिरी भिन्न असते. नियंत्रित प्रयोगांतील आज्ञावली बहुधा काही शे ओळींच्या असतात, त्यामुळे लाखो ओळींच्या प्रणालींबाबत थेट अनुमान काढता येत नाही. पेरलेल्या दोषांची निवडही एखाद्या पद्धतीला अनुकूल ठरू शकते. काही प्रयोगांत बिघाड दिसणे पुरेसे मानले जाते, तर काहींत दोषाची नेमकी जागाही सांगावी लागते. कोड वाचन करणाऱ्याला जागा आपोआप कळते, चाचणी करणाऱ्याला ती वेगळी शोधावी लागते. साहजिकच काय मोजले यावर निकाल अवलंबून राहतो.

यांत्रिक पद्धतींच्या तुलनेतही उणिवा राहतात. फझ चाचणीवरील ३२ शोधनिबंधांचा २०१८ मध्ये आढावा घेण्यात आला, तेव्हा प्रत्येकातील मूल्यमापनात काही ना काही त्रुटी आढळली. यादृच्छिक घटक असूनही प्रयोग पुरेशा वेळा न करणे ही त्यांतील एक प्रमुख त्रुटी होती.

सर्व दोष सारख्याच महत्त्वाचे नसतात, हीदेखील एक अडचण आहे. एडवर्ड ॲडम्स यांनी १९८४ मध्ये आयबीएमच्या प्रणालींतील दोषांचा अभ्यास केला. त्यांतील सुमारे एक तृतीयांश दोष इतके विरळ होते की त्यांपैकी एखाद्यामुळे बिघाड होण्यास सरासरी ५,००० वर्षांचा वापर लागला असता. असे दहा दोष शोधणारी पद्धत रोज त्रास देणारा एक दोष शोधणाऱ्या पद्धतीपेक्षा संख्येने सरस दिसते, पण वापरकर्त्याला तिचा लाभ होत नाही.

पद्धतींचा एकत्रित वापर

प्रत्येकी ५० टक्के दोष शोधणाऱ्या दोन पद्धती एकत्र वापरल्यास काय होईल, हे त्यांच्या परस्परसंबंधावर ठरते. दोन्ही तेच दोष शोधत असतील तर एकूण प्रमाण ५० टक्केच राहते. त्या परस्परांपासून स्वतंत्र असतील तर ते ७५ टक्के होते आणि पूर्णपणे पूरक असतील तर १०० टक्के होऊ शकते. म्हणून पद्धती निवडताना प्रत्येकीच्या वैयक्तिक क्षमतेइतकेच त्यांच्या वेगळेपणालाही महत्त्व दिले जाते.

सुरक्षेशी निगडित क्षेत्रांत हा विचार नियमांतही उतरला आहे. नागरी विमानांतील सॉफ्टवेअरसाठीच्या डीओ-१७८सी या मानकात सर्वांत जोखमीच्या स्तरासाठी निर्णयातील प्रत्येक अटीचा स्वतंत्र परिणाम दाखवणारी व्याप्ती आवश्यक आहे. मात्र चाचण्या व्याप्ती भरण्यासाठी न लिहिता आवश्यकतांवरून लिहाव्यात आणि व्याप्तीवरून त्यांची पूर्णता तपासावी, अशी त्या मानकाची मांडणी आहे. शिवाय कोडचे परीक्षणही त्यात अपेक्षित आहे. विनिर्देशावरून चाचण्या लिहिणे, व्याप्ती मोजून राहिलेल्या जागा शोधणे आणि कोड दुसऱ्या व्यक्तीने वाचणे, या तीन गोष्टींचा मेळ अनेक प्रयोगांच्या निष्कर्षांशी सुसंगत आहे.